डोंगरेबाबूंचे नऊ नग

डोंगरेबाबू मुलांच्या हातावर नंबर टाकत.

कोणाच्याही मुलांच्या नव्हे, आमच्या सरकारी क्वार्टरांच्या लाइनीतल्या. रविवारी दुपारची जेवणं झाली की ते आपल्या ओट्यावर बसत, खिशातली कॉपिंग पेन्सिल जिभेवर ओली करत आणि समोर रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक पोराच्या डाव्या मनगटावर जांभळा आकडा काढत. तो आकडा तीन आंघोळींशिवाय जात नसे. डोंगरेबाबूंची जीभ तर बारमाही जांभळी. एकदा ते सर्दीचं औषध आणायला दवाखान्यात गेले, तर डॉक्टरनं जीभ पाहून त्यांना तिथंच भरती करून घ्यायची तयारी केली होती.

ते जंगल खात्याच्या लाकूड डेपोत बाबू होते. मध्यप्रदेशातल्या आमच्या बालाघाटात सागवानाच्या ओंडक्यावर नंबर टाकल्याशिवाय ओंडका जागचा हलत नाही, आणि डेपोतून माल निघताना घेणाऱ्याची सही लागते. डोंगरेबाबूंनी हाच कायदा पोरांना लावला होता. मुलं ताब्यात घेताना ते खिशातल्या छोट्या वहीत लिहीत, ‘नग दोन, साबूत,’ आणि पोरांच्या आईची सही घेत. जिला सही येत नसे तिचा अंगठा. संध्याकाळी दारात उभे राहून पुन्हा लिहीत, ‘वापस नग दोन, साबूत. एकाचा गुडघा खरचटलेला.’ पुन्हा सही. बाया हसत, पण सही करत. कारण नऊ पोरं दुपारभर घराबाहेर नेणारा दुसरा माणूस अख्ख्या लाइनीत नव्हता.

त्यांचं स्वतःचं कोणी नव्हतं. लग्न राहून गेलेलं. पंचेचाळिशीचा, काडीसारखा माणूस, आणि त्याला या जगातल्या प्रत्येक वस्तूचं भय. पोरांना ते वैनगंगा दाखवायला नेत, पण पाण्यापासून चाळीस पावलांवर थांबवत. आमच्या मुलांनी कित्येक वर्षं नदी फक्त लांबून पाहिली. झाडाखाली बसू देत नसत. “लाकडाचा भरोसा नाही,” म्हणत. आणि वाटेनं चालताना कोणी मागं राहू नये म्हणून ते रांगेच्या पुढं उलटे चालत, तोंड पोरांकडे आणि पाठ रस्त्याकडे. असे ते विजेच्या खांबाला, सायकलींना आणि एकदा एका म्हशीला धडकले. म्हैस बाजूला झाली, हे झाले नाहीत. तिलाच म्हणाले, “काहून ढकलून राह्यली? पोट्टे दिसत नाहीत का?”

मी त्यांच्या शेजारी राहत होतो. कचेरीत कारकून होतो, तीस-बत्तीसचा होतो आणि त्यांना हसणाऱ्यांत सर्वांत पुढं होतो. त्यांची नक्कल मी चांगली करत असे. ती नक्कल मी चौदा वर्षांपूर्वी बंद केली. का केली, ते मागच्या आठवड्यापर्यंत घरी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात स्टेशनजवळच्या मैदानावर प्रदर्शनी आली. आकाशपाळणा, लाकडी घोड्यांची चक्री, वेडेवाकडे करून दाखवणारे आरसे आणि मौत का कुआँ. लाइनीतली पोरं जेवेनाशी झाली. बायांनी एकच सांगितलं, डोंगरेबाबू नेत असतील तर जा. आणि डोंगरेबाबूंची झोप गेली.

ते सलग तीन दिवस डेपो सुटल्यावर मैदानावर जाऊन आकाशपाळण्याची तपासणी करत होते. एकेक नटबोल्ट त्यांनी हातानं हलवून पाहिला. मालकाला पाळण्यात धानाची पोती ठेवून चक्र फिरवायला लावलं. मालक वैतागून म्हणाला, “बाबूजी, झूला खरीदना है क्या?” शेवटी स्वतः बसले. वर गेल्यावर त्यांनी डोळे मिटले ते खाली उतरल्यावरही उघडेनात. मग घरी येऊन, अजून पांढरेच असताना, त्यांनी जाहीर केलं, “पाळणा पास. घोडे पास. मौत का कुआँ नापास. त्याच्या जिन्याले कठडा नाही.”

रविवारी नऊ पोरं निघाली. माझी मंदा त्यांत सर्वांत लहान, चार वर्षांची, नंबर सहा. धाकटा तान्हा असल्यामुळं माझी बायको सुमन घरीच राहिली. तिनं मलाही सोबत पाठवलं. पण निघताना पोरीवर नजर ठेवायला सांगितलं ते डोंगरेबाबूंना. मला नाही. ते मला लागलं होतं.

मैदानावर पहिला तासभर सगळं बरं चाललं. डोंगरेबाबू एकेका पोराला पाळण्यात बसवत आणि तो वर जाऊन खाली येईपर्यंत त्याच्या नंबराचा जप करत. “चार गेला... चार वर हाये... चार आला.” लोक थांबून बघत होते. मी जरा लांब उभा होतो, ओळख नसल्यासारखा.

तेवढ्यात आमचे साहेब दिसले. सोबत मेमसाहेब. त्यांनी मला हाक मारली, मुलंबाळं कुठं आहेत म्हणून विचारलं. आता नंबर घातलेल्या नऊ पोरांतून मी माझी कुठली दाखवू? मी डोंगरेबाबूंकडे गेलो आणि मंदाला द्या म्हणालो, साहेबांना भेटवतो. त्यांनी वही काढली. साहेब पाहत होते. मी दातओठ खात सही केली. ‘नग एक, नं. ६, बापानं घेतला.’

मेमसाहेबांनी मंदाचा गाल धरला, आणि त्यांना मनगट दिसलं. “बेटी के हाथ पर ये क्या लिखा है?”

मी म्हणालो, काही नाही, खेळताना लागलं असेल. आणि स्वेटरची बाही ओढून आकडा झाकला.

साहेबांना मौत का कुआँ बघायचा होता. मी नाही म्हणालो नाही. लाकडी जिन्यानं वर गेलो, मंदाचं बोट माझ्या हातात. खाली लाकडी विहिरीत एक माणूस मोटारसायकल भिंतीवरून फिरवत होता, सगळ्या फळ्या थरथरत होत्या. त्यानं दोन्ही हात सोडले तेव्हा साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग मीही वाजवल्या. टाळ्यांना दोन हात लागतात.

खेळ संपला. लोक जिन्याकडे लोटले. साहेब काहीतरी बोलत होते, मी हौ हौ करत होतो. खाली उतरल्यावर मेमसाहेबांनीच विचारलं, “बच्ची कहाँ है?”

पुढचा एक तास मला आजही क्रमानं आठवत नाही. मी पुन्हा जिन्यावर धावलो, फळ्यांखाली वाकून पाहिलं, आरशांच्या तंबूत शिरलो. तिथल्या प्रत्येक आरशात मीच होतो, लांबडा, बुटका, डोकं खाली गेलेला. मंदा नव्हती. भोंग्यावर पुकारणाऱ्यानं विचारलं, कपडे कुठल्या रंगाचे? मला आठवेना. सकाळपासून जिच्याबरोबर होतो तिच्या फ्रॉकचा रंग मला सांगता येईना.

मागून डोंगरेबाबूंचा आवाज आला. “पिवळा फ्राक. लाल स्वेटर. डाव्या सँडलचं बक्कल तुटलं हाये, दोऱ्यानं बांधलेलं. नाव मंदा. भुकेली नाही, पण झोप आली असंल.”

त्यांना कोणी सांगितलं, ठाऊक नाही. बाकीची आठ पोरं कुठं आहेत असं मी विचारलं, तर ती त्यांनी फाटकावरच्या शिपायाच्या ताब्यात दिली होती. वहीत त्याची सही घेऊन. ‘नग आठ, साबूत.’ शिपायानंही मुकाट्यानं सही केली होती. डोंगरेबाबूंचा चेहराच तसा झाला होता.

मला एक शब्द त्यांनी विचारला नाही. नुसते पुढं पुढं चालत होते, या वेळी सरळ, आणि प्रत्येक दुकानाच्या पडद्यामागं वाकून पाहत होते. मैदानाच्या पलीकडच्या कडेला बांगड्यांची दुकानं होती. तिथून एक बाई ओरडत येत होती, “ये छै नंबर किसका है?” तिच्या कडेवर मंदा. रडणाऱ्या पोरीला गप्प करावं म्हणून बांगडी भरायला गेली, तर बाहीखाली आकडा निघाला. मंदाच्या हातात दोन हिरव्या बांगड्या होत्या आणि ती खरंच झोपली होती.

डोंगरेबाबू तिथंच मातीत बसले.

पोर सापडली. गोष्ट इथं संपली असती तर ती आजही मी नक्कल करून सांगितली असती.

पण शेजारच्या कोणीतरी सायकल मारत लाइनीत जाऊन सांगितलं होतं. आम्ही फाटकाशी आलो तेव्हा सुमन अनवाणी, तान्ह्याला काखेत घेऊन उभी होती. मागं लाइनीतल्या सगळ्या बाया. तिनं मंदाला ओढून घेतलं, चाचपून पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“कोनाच्या हातून सुटली?”

मी म्हणालो, “डोंगरेबाबूंकडे होती.”

एवढंच. खोटं तरी कसं म्हणावं, दोन तासांपूर्वी त्यांच्याकडेच तर होती, असं मी त्या क्षणी मनाशी म्हणूनही घेतलं.

डोंगरेबाबूंचा हात खिशाकडे गेला. खिशात वही होती, वहीत माझी सही होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुमनकडे. हात रिकामाच खाली आला.

“हौ वहिनी,” ते म्हणाले. “माह्याच हातून सुटली.”

त्यानंतरच्या रविवारी त्यांच्या ओट्यावर कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बायांनी भांडण केलं नाही, काही बोलल्याही नाहीत. पोरांना फक्त दुसरी कामं निघाली. डोंगरेबाबू ठरल्या वेळी ओट्यावर बसत, थोडं थांबत, मग एकटेच नदीकडे जात आणि दिवेलागणीला परत येत. पोरं खिडकीतून पाहत. मी दार लावून घेत असे. सुमननं एकदा भाजी करता करता म्हटलं, माणूस बरा होता, पण एवढा सोंगाचा काटेकोरपणा काय कामाचा. मी जेवत होतो. जेवत राहिलो.

सात-आठ महिन्यांनी त्यांची बदली लामत्याच्या डेपोला झाली. की त्यांनी मागून घेतली, देव जाणे. नॅरोगेजच्या छोट्या गाडीवर त्यांना पोचवायला मी एकटाच गेलो. एक ट्रंक, एक वळकटी, कंदील. फलाटावर गाडीची वाट पाहताना मला एकदम बोलता आलं. मी विचारलं, वही दाखवली का नाही?

त्यांनी हातातला कंदील ट्रंकेवर ठेवला.

“वहिनीनं तुमच्याकडं कसं पाह्यलं ते तुम्हाले नाही दिसलं. मले दिसलं,” ते म्हणाले. “माह्यावर कोनी रागावलं त माह्या घरात काय बदलते? सैपाक मीच करतो, मीच खातो. तुम्हाले त्याच घरात ऱ्हाचं होतं.”

मी काहीतरी म्हणू लागलो. त्यांनी हातानंच थांबवलं. गाडीचा धूर दिसू लागला होता. ट्रंकेला हात घालून ते म्हणाले, “बाकी कोनी काही समजो. पन पोरगी मोठी झाली का तिले तेवढं सांगजा. डोंगरेकाकानं हात नोता सोडला. तिले असं वाटाले नको का काकानं सोडून देल्लं.”

मी हौ म्हणालो.

त्याला चौदा वर्षं होत आली. मंदा पाच वर्षांची झाली तेव्हा ती लहान आहे म्हणून सांगितलं नाही. दहाची झाली तेव्हा विसरली असेल म्हणून नाही. पुढं पुढं तर कारण शोधायचीही गरज राहिली नाही. लामता काही विलायतेत नाही, सकाळी निघालं की दुपारच्या आत पोचतो माणूस. मी कधी गेलो नाही. गेल्या वर्षी डोंगरेबाबू निवृत्त झाले आणि तिथंच राहिले, एवढं कचेरीत ऐकलं.

मागच्या आठवड्यात मैदानावर पुन्हा प्रदर्शनी लागली. मंदा आता कॉलेजात जाते. संध्याकाळी ती लाइनीतल्या दोन लहान पोरींना पाळण्यात बसवून घेऊन आली आणि ओट्यावर बसून सँडल काढू लागली. मी बाजूलाच होतो. का कोण जाणे, त्या दिवशी तोंड उघडलं. मौत का कुआँ, साहेब, टाळ्या, फाटक, सगळं सांगितलं. तिच्याकडे न पाहता सांगितलं.

ती सँडल हातात धरून ऐकत होती. मग म्हणाली, “मले माहीत आहे, बाबा.”

मी म्हणालो, तू चार वर्षांची होतीस.

“बाकी नाही आठवत. पण बोट तुमचं होतं. तुमची अंगठी टोचत होती. मग टोचणं बंद झालं.”

मग बोलली का नाहीस, असं विचारायचा मला अधिकार नव्हता. तरी मी विचारलं. ती म्हणाली, आधी वाटलं सगळ्यांनाच माहीत आहे. मग मोठी झाल्यावर समजलं की कोणीच बोलत नाही, तेव्हा तीही बोलली नाही.

सँडल खाली ठेवून तिनं मान वर केली. “पण मले माहीत आहे, हे डोंगरेकाकांना कोनी सांगितलं का?”

आतून पोळ्या लाटण्याचा आवाज येत होता, तो केव्हा थांबला माझ्या ध्यानात आलं नाही. सुमन दारात उभी होती. हात पिठानं भरलेले. किती ऐकलं, ते तिच्याकडे पाहून कळत होतं. मी उठून उभा राहिलो. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.

“लामत्याची गाडी सकाळी किती वाजता असते?” तिनं विचारलं.

मला नाही. मंदाला.