स्वतःहून घरी जाऊ इच्छिणारा इसम

स्वेच्छा परतावा कक्षात त्या सकाळी एक गंभीर प्रसंग उद्भवला. एक इसम आपल्या पायांनी चालत आत आला आणि म्हणाला, "साहेब, मला माझ्या देशात परत जायचंय."

साहेबांचा चहाचा कप ओठांपर्यंत येऊन थांबला. जीव मुठीत धरून या देशात आश्रयाला आलेल्या माणसांना राजीखुशीने मायदेशी धाडावं, यासाठीच तर हा कक्ष उघडला होता. दारावर तशी पाटी होती, भिंतीवर उगवत्या सूर्याचं चित्र होतं, टेबलावर डोळे पुसायला कागदी रुमालांचा डबा होता. सगळी सोय होती. फक्त कुणी खरंच राजीखुशीने येईल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. इथे माणसं आणली जात. ती 'नाही' म्हणत, रडत, पुन्हा आणली जात आणि शेवटी थकून 'हो' म्हणत. याला कक्षाच्या भाषेत मनपरिवर्तन म्हणत, आणि त्यात साहेबांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता.

"बसा," साहेब सावरून म्हणाले. "परत जायची भीती वाटत असेल ना?"

"छे! ज्याला भिऊन पळालो तो वारला की."

माणूस न्हावी होता. गावच्या पोलीसप्रमुखाची दाढी करता करता त्याने सरकारला चार शिव्या हासडल्या होत्या. वस्तरा हातात असेपर्यंत प्रमुख गप्प बसला. गाल पुसून झाल्यावर मात्र न्हाव्याला त्याच रात्री कागदपत्रांशिवाय देश सोडावा लागला. आता प्रमुख झोपेतच गेला होता.

"मग एवढी घाई कसली?"

"मुलगी आहे, साहेब. मी निघालो तेव्हा मांडीवर होती. परवा फोनवर मला 'काका' म्हणाली." न्हाव्याने रुमालांच्या डब्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "आईने कानात सांगितलं तेव्हा 'बाबा' म्हणाली. आता नाही गेलो, तर मग गेलो काय नि न गेलो काय!"

साहेबांना गलबलून आलं. ते काही दगड नव्हते. त्यांच्या घरीही आप्पा होते, म्हणजे वडील. आई गेल्यावर साहेबांनी त्यांना गावाकडून सातव्या मजल्यावर आणून ठेवलं होतं. आप्पा रोज सकाळी पिशवी भरून दाराशी बसत. "बाळ्या, मला घरी सोड," म्हणत. साहेब बूट घालता घालता विचारत, "आप्पा, इथे काय कमी आहे तुम्हाला?" आणि कचेरीला जात. समजूत घालण्याचा सराव असा घरापासूनच होता.

"तुमचं काम झालंच समजा," साहेब म्हणाले. "फक्त एकदा 'नाही' म्हणा."

"अहो, पण मला जायचंय!"

"तिथेच तर घोडं अडलंय. आमचा पहिला धडाच नकाराचा आहे. तुम्ही नाही म्हणायचं, मी समजवायचं, मग तुम्ही हो म्हणायचं. नुसतं हो म्हणालात, तर मी बदलू तरी काय?"

न्हावी 'नाही' म्हणाला. साहेबांनी मायभूमी, माती, लेकरू असं इतकं काही समजावलं की शेवटी रुमाल त्यांनाच लागले. मग न्हावी 'हो' म्हणाला.

प्रकरण संचालकबाईंकडे गेलं. ही इच्छा अस्सल आहे की कुणी पढवलेली, हे त्या तपासत.

"घरी या, असं तुम्हाला कुणी सांगितलं का?"

"बायको सांगते, बाई. आणि मुलगी मध्ये एकदा म्हणाली, 'ये ना.'"

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे कौटुंबिक दबाव. दबावाखालची इच्छा ही स्वेच्छा नव्हे. आम्ही नियमाने चालणारी माणसं आहोत."

झालं! साहेबांनी कपाळाला हात लावला. पण साहेब हिकमती. शेजारच्याच खोलीत सक्तीचा परतावा कक्ष होता. स्वेच्छेने जमत नाही तर सक्तीने जा, घर तर तेच! त्यांनी न्हाव्याला तिकडे पाठवलं. तासाभरात तिथले दोन पहिलवान त्याला परत घेऊन आले.

"हा माणूस चालणार नाही, साहेब. आमचं काम उचलून न्यायचं. आम्ही हात लावायच्या आधीच हा गाडीत जाऊन बसला. वर पट्टासुद्धा लावला!"

"अहो, थोडे हातपाय झाडायचे होते," साहेब चिडून न्हाव्याला म्हणाले.

"झाडले की! पण हसू आलं, साहेब. घरी जायचा आनंद लपतो का?"

शेवटी बाईंनीच तोड काढली. ज्याला इथे राहण्याची मुभाच नाही, तो जातो म्हणाला तर त्यात इच्छा कसली? आधी त्याला राहायचा हक्क मिळू दे. मग तो लाथाडून जाऊ दे. तीच खरी स्वेच्छा! तर्क बिनतोड होता. आता हक्क मिळायचा तर मायदेशात जिवाला धोका हवा. साहेबांनी न्हाव्याची तयारी करून घ्यायला घेतली.

"प्रमुख मेला. पण त्याचा मुलगा?"

"गरीब बिचारा. माझ्याकडेच केस कापायचा."

"आज गरीब आहे. उद्या बापाच्या खुर्चीवर बसला तर?"

न्हाव्याने विचार केला. त्याचा चेहरा थोडा उतरला.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "हा चेहरा सुनावणीपर्यंत जपून ठेवा."

सुनावणी लागायला बराच काळ गेला. मधल्या काळात मुलगी शाळेत जाऊ लागली. फोनवर ती आता कानात न सांगताही 'बाबा' म्हणे, पण पुढे काय बोलावं ते तिला सुचत नसे. ती फोन आईकडे देई. न्हावी मग उगाच "हॅलो, हॅलो" करत राही.

हक्क मिळाला. बाईंनी गुलाब दिला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. न्हाव्याच्या हातात नवंकोरं प्रवासपत्र पडलं. त्याने तिथल्या तिथे विचारलं, "आता निघू?"

"खुशाल! जगात कुठल्याही देशात जा," बाई म्हणाल्या. "तुमचा सोडून."

"का हो?"

"तिथे तुमच्या जिवाला धोका आहे."

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच! शपथेवर."

न्हावी साहेबांकडे बघत राहिला. साहेब सूर्याच्या चित्राकडे बघत राहिले.

"मग हा हक्क परत घ्या. नको मला."

"घेऊ की," बाई मायेने म्हणाल्या. "त्यासाठी आपला स्वेच्छा परतावा कक्ष आहेच. पहिला धडा नकाराचा."

साहेबांचं मन त्यांना खात होतं. काहीतरी करावं म्हणून त्यांनी रविवारी न्हाव्याला घरी बोलावलं. आप्पांची दाढी वाढली होती. नेहमीच्या पिशवीशेजारीच खुर्ची मांडली, गालाला फेस लागला, आणि दोघांच्या गप्पा जमल्या. साहेब स्वयंपाकघरात चहा टाकत ऐकत होते.

"तू कधी जाणार रे घरी?"

"मी जगात कुठेही जाऊ शकतो, आप्पा. एक घर तेवढं सोडून."

"अरे, मग माझंही तेच. माझा मुलगा म्हणतो, डोंगरावर चला, समुद्रावर चला, म्हणाल तिथे नेतो."

दोघं हसले. मग न्हाव्याने दुसऱ्या गालावर वस्तरा फिरवला. साहेब चहा घेऊन बाहेर आले तेव्हा आप्पांनी गाल पुसला आणि म्हटलं, "बाळ्या, मला घरी सोड."

साहेबांनी न्हाव्याकडे संशयाने पाहिलं. "आप्पा, खरं सांगा. तुम्हाला हे कुणी पढवलं?"

हसलात? हसा. साहेब आहेतच हसण्यासारखे. फक्त आज घरी गेलात की दारामागे एकदा बघा, कुणाची पिशवी भरलेली आहे का. आणि असलीच, तर आपण काय विचारणार ते पाठ आहेच तुम्हाला: "इथे काय कमी आहे?"