बहात्तर ठोके

"माणूस खोटं बोलेल, छाती खोटं बोलत नाही!" असं आकडेबुवा छातीठोकपणे सांगायचे. सांगणारच! त्यांची अख्खी कंपनी छातीवरच उभी होती. खेळाडूच्या छातीला पट्टा बांधायचा, हृदयाचे ठोके पडद्यावर बघायचे आणि दडपणाखाली कोण टिकेल ते आधीच ओळखायचं. गिऱ्हाईक मात्र एकच, एक फुटबॉल क्लब. आजचा सामना जिंकला तर क्लब पट्टे ठेवणार होता. नाहीतर चार माणसांच्या नोकऱ्यांसकट गाशा गुंडाळायचा.

बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली! कप्तान चेंडू घेऊन पुढे सरसावला.

"थांबवा त्याला!" आकडेबुवा किंचाळले. "एकशे ऐंशी ठोके पडताहेत! बाकावरचा लंब्या बघा, फक्त बहात्तर! त्याला उतरवा!"

"त्याला?" प्रशिक्षकांनी कपाळाला हात लावला. "अहो, तो आज सकाळी..."

"अहो-बिहो काही नाही! आकडा बघा!"

मागे उभ्या असलेल्या क्लबच्या अध्यक्षांनी आकडा बघून मान डोलावली. प्रशिक्षकांचा नाइलाज झाला.

लंब्या बागेत फिरायला आल्यासारखा चालत गेला आणि शेजाऱ्यांची वाटी परत करावी तसा चेंडू त्याने गोलकीपरच्या हातात अलगद दिला.

सामना बरोबरीत सुटला, अध्यक्ष तडक निघून गेले. आकडेबुवांनी लंब्याला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं.

"अरे गाढवा, इतका शांत होतास ना तू?"

"होतो की, साहेब." लंब्या बुटाची नाडी सोडत म्हणाला. "सकाळीच कळलं, पुढच्या हंगामात मी नाही. आता जिंकलो काय न् हरलो काय, धडधड कशाची होणार?"

आकडेबुवा प्रशिक्षकांवर उखडले. "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगतच होतो. तुम्ही पट्ट्याशी बोलत होतात."

दुसऱ्या दिवशी आकडेबुवा ऑफिसला निघाले, तेव्हा बायकोने काळजीपोटी त्यांच्याच छातीला पट्टा बांधला. आकडा तिला मोबाईलवर दिसणार होता. त्यांनी चौघांना समोर बसवलं आणि कंपनी बंद होतेय हे एका दमात सांगून टाकलं. कायमची नोकरी सोडून आलेली प्रोग्रामर पोरगी हुंदके देऊन रडू लागली. वाईट वाटायला हवं होतं. पण त्यांना काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटायला हवी होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, बघतेय मी! बहात्तर!" बायकोचा जीव भांड्यात पडला होता. "म्हणजे सगळं ठीक आहे ना?"

आकडेबुवांनी पट्टा चाचपला.

"छाती कधी खोटं बोलते का?"

"मग येताना दूध आणा!"