हरिभाऊंच्या गाडीची हनुवटी

विनोदिनीबाईंनी देवापुढं निरांजन लावलं, हात जोडले आणि मागं न वळताच नवऱ्याला निकाल ऐकवला.

"मारुतीदादाच्या बेबीच्या साखरपुड्याला निपाणीला गाडीनं जायचंय ना? जाऊ या. पण या खेपेला वाटेत कुणी गाडी ढकलली, तर तिथल्या तिथं किल्ली दादाच्या हातात द्यायची."

"अगं, पण..."

"पण नाही आणि बिण नाही. देवासमोर बोललेय."

हरिभाऊ बेळगावच्या कोर्टात वकील. देवासमोर झालेल्या निकालावर अपील नसतं, एवढं त्यांना कळत होतं. प्रश्न त्यांच्या गाडीचा होता. गाडी विलायती, गोलमटोल, काळीभोर. त्यांच्या वडिलांनी ती कॅम्पातल्या एका मायदेशी परतणाऱ्या साहेबाकडून घेतलेली. हरिभाऊ तिला रोज पिवळ्या फडक्यानं पुसत आणि पुसताना तिच्याशी बोलत. बायकोशी बोलताना त्यांचा आवाज इतका मऊ होत नसे, अशी विनोदिनीबाईंची जुनी तक्रार होती आणि ती खरी होती.

गाडीला दोष एकच, तो म्हणजे ती पोचत नसे. मारुतीराव हे विनोदिनीबाईंचे थोरले बंधू. निपाणीत तंबाखूची वखार, बाहेर जीप, आणि बहिणीच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मत. त्यांच्या वास्तुशांतीला ही गाडी पोचली ती पाहुण्यांनी ढकलत आणली म्हणून, आणि त्यात नवे कोरे जावई नव्या कोऱ्या सुटासकट चिखलात बसले. तेव्हापासून मारुतीराव म्हणत, "भाऊजी, ती द्या मला. मागचं छप्पर कापतो आणि तंबाखूचे बोद वाहतो. काहीतरी कामाला येईल." हे ऐकलं की हरिभाऊ उठून गाडीपाशी जाऊन उभे राहत. वडिलांच्या गाडीत तंबाखू!

तेव्हा गाडी निपाणीपर्यंत कुणाचा हात न लागता पोचणं, हा आता जीवनमरणाचा प्रश्न झाला. अशा वेळी सरळ माणूस मिस्त्रीकडं जातो. हरिभाऊ न्हाव्याकडं गेले. तिथं नंबर लागेपर्यंत त्यांनी एक जुनं इंग्रजी मासिक चाळलं आणि त्यात त्यांना साक्षात्कार झाला. चित्रात एक जुनी गोल गाडी होती आणि तिच्या नाकाखाली पत्र्याची बाकदार पट्टी लावलेली होती. तिचं नाव स्पॉयलर.

"हवा गाडीखाली शिरत नाही," घरी येऊन हरिभाऊ सांगू लागले. "त्यामुळं गाडीचं नाक उचलत नाही. आपली गाडी वेगात हेलकावते, म्हणून मी हळू चालवतो. हळू चालवली की इंजिन तापतं. तापलं की बंद पडतं. बंद पडलं की ढकलावी लागते. म्हणजे ढकलण्याचं मूळ कारण काय? हवा!"

"स्पॉइल करतो तो स्पॉयलर ना?" विनोदिनीबाई भाजी निवडत म्हणाल्या. "आधीच काय कमी नासलीय?"

पण हरिभाऊ अंगणात पोचले होते. त्यांनी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, गाडीच्या नाकाखाली आडवे झाले आणि कात्रीनं साचा कापू लागले. शेजारच्यांनी कुंपणावरून "काय हरवलं का?" असं दोनदा विचारलं. गाडीखालून फक्त कात्रीचा आवाज आला.

साचा घेऊन ते पिरनवाडीला भरमाच्या शेडमध्ये गेले. भरमा कुळव करी, ट्रॉलीची फाळकी करी, खिडक्यांचे गज करी. लोखंडाचं कुठलंही काम त्यानं नाही म्हटलेलं नव्हतं आणि कशासाठी, हे विचारलेलं तर कधीच नव्हतं. त्यानं मासिकातलं चित्र उलटं धरून बघितलं, मग सुलटं करून बघितलं.

"व्हय व्हय, कळलं. समोरनं येतंय ते आडवायचं."

"हवा अडवायची."

"तेच की! काय बी येऊ दे. जमिनीपास्नं किती वर धरू?"

"जितकं खाली तितकं उत्तम," हरिभाऊ म्हणाले, आणि इथंच घात झाला.

भरमानं तेलाच्या पिपाचा पत्रा कापला, रुळाच्या तुकड्यावर ठोकून त्याला बाक दिला, आडव्या पट्ट्या वेल्डिंग करून बोल्टांनी गाडीला आवळला. इथवर सगळं चित्राबरहुकूम. पण नुसत्या चित्राबरहुकूम काम केलं तर कारागीर कसला? भरमानं आपल्या पदरची अक्कल घातली. खालच्या कडेला कुळवाच्या पात्यासारखी जाड पट्टी बसवली, "न्हायतर झिजून जातंय." आणि दोन्ही टोकं सुपाच्या कडांसारखी पुढं वळवून घेतली.

"हे कशाला रे?"

"वारं बाजूनं सांडाय नगो सायेब. एकडाव घावलं की घावलं."

हरिभाऊंना हा युक्तिवाद बिनतोड वाटला. काळा रंग देऊन झाल्यावर गाडीला मोठी थोरली हनुवटी फुटल्यासारखी दिसू लागली. पिरनवाडीच्या रस्त्यावर चाचणी घेतली, तर काय आश्चर्य, गाडी खरंच डुलेना! एवढं लोखंड नाकाला टांगल्यावर ती कशाला डुलतेय? पण हरिभाऊंनी सगळं श्रेय हवेला देऊन टाकलं. परत येताना हनुवटीत एक कोंबडी बसून आली. ती त्यांनी मालकिणीला सन्मानानं परत केली.

साखरपुड्याच्या दिवशी दोघं निघाले. विनोदिनीबाईंनी हिरवा शालू नेसला होता, मांडीवर ओटीचं ताट होतं. काकती मागं पडेपर्यंत हनुवटीत एक चप्पल, थोडी उसाची चिपाडं आणि कुणाचासा टॉवेल जमा झाला. हरिभाऊ मधूनमधून उतरून ते काढत आणि "बघितलंस? सगळं अडवतंय!" असं अभिमानानं म्हणत. इंजिन तापलं नाही. संकेश्वर गेलं. गाडी शीळ घालत चालली होती आणि तिच्याबरोबर हरिभाऊही.

कणगल्याच्या अलीकडं रस्त्यावर हुलगा, म्हणजे कुळीथ, पसरला होता. सुगी आली की त्या बाजूचे लोक कापलेलं पीक थेट डांबरी रस्त्यावर आंथरतात. ट्रक, एसट्या, मोटारी त्यावरनं जातात, चाकांनी शेंगा फुटतात आणि मळणी फुकटात होते. हरिभाऊंना हे फार आवडे. एरवी आपल्या वकिलीनं शेतकऱ्याचं काय भलं होतंय याबद्दल त्यांच्या मनात शंका असे. इथं निदान चारचाकी सेवा घडे. त्यांनी उत्साहानं वेग वाढवला.

"जरा जोरात गेलं की चांगलं मळून निघतं," ते म्हणाले.

आधी खस्स असा आवाज आला. मग काचेतून दिसणारा रस्ता हळूहळू वर येऊ लागला.

"अहो, डोंगर कसला येतोय?"

तो डोंगर येत नव्हता, हरिभाऊ तो नेत होते. भरमाच्या सुपानं रस्त्यावरचा हुलगा पाल्यासकट, शेंगांसकट, या टोकापासून त्या टोकापर्यंत खरवडून पुढं घातला होता. मधे रस्त्यावर दगडांची एक ओळ मांडलेली होती, तीही त्यातच गेली. ढीग दिव्यांच्या वर आला तेव्हा गाडी त्यावर चढली आणि अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी थांबली. मागची चाकं हुलग्याच्या दाण्यांवर गरगर फिरू लागली, पण गाडी काही हलेना.

झाडाखालून एक बाई कोयता घेऊन धावत आली. "आरं मुडद्या! मळायचं सोडून गोळा करून निघालास व्हय रं?"

पलीकडच्या बाजूनं एक गडी काठी घेऊन आला. त्यानं काठी उगारली आणि तशीच थांबवली. "आरं द्येवा! हे तर आमचं वकीलसायेब!"

तो सत्याप्पा होता, हरिभाऊंचा अशील. आणि कोयतेवाली शेवंताबाई म्हणजे त्याची विधवा भावजय, दाव्यातली समोरची पार्टी. दोघांच्या शेतांमधला बांध कुणाचा, यावर बेळगावच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा पडत होत्या आणि तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं. रस्त्यावर हुलगा पसरतानासुद्धा दोघांनी मधे दगडांची ओळ मांडून हद्द आखली होती. ती हद्द आता हरिभाऊंच्या गाडीखाली होती.

"वकीलसायेब, सांगा तिला," सत्याप्पा म्हणाला, "ह्यात निम्म्याच्या वर माझा हुलगा हाय."

"वकीलसायेब, सांगा त्येला," शेवंताबाई म्हणाली, "माझा दाणा टपोरा हुता. त्याचा किडका."

"माझ्या अशिलाचं म्हणणं असं की..." हरिभाऊ सवयीनं सुरू झाले.

"तुमी गप बसा. आज तुमी आरोपी हाईसा!" शेवंताबाईनं दटावलं.

आवाज ऐकून शेतातली माणसं जमली. त्यांना खटल्यात रस नव्हता, गाडीत होता. "चला रं, ढकला एक-दोन-तीन!" असं म्हणत ती पुढं सरसावली.

"हात लावू नका!" हरिभाऊ गाडीच्या मागं दोन्ही हात पसरून उभे राहिले. "खबरदार! कुणीही ढकलायची नाही!"

"मग काय हितंच संसार मांडणार?"

"ओढा! ओढायला हरकत नाही. अटीत ओढणं नाही."

विनोदिनीबाईंनी खिडकीतून एक दीर्घ श्वास ऐकू येईल असा सोडला. सत्याप्पानं आपले बैल आणले. त्यांना गाडीच्या पुढं जुंपलं आणि "हाऽऽ" म्हटलं. बैलांनी समोर बघितलं. समोर हुलग्याचा डोंगर. जन्मात त्यांना एवढा खुराक कुणी दाखवला नव्हता. त्यांनी माना खाली घातल्या आणि जेवायला सुरुवात केली. शेपूट पिरगाळली, काठी दाखवली, शिव्याही दिल्या. पण जेवणाऱ्याला उठवू नये हे बैलांना माणसांपेक्षा जास्त कळत असावं.

"वकीलसायेब, त्यास्नी सांगा, माझा हुलगा खाऊ नगा म्हनाव!" शेवंताबाई ओरडली.

एवढ्यात निपाणीकडून जीप आली. मुहूर्त जवळ आला तरी बहीण पोचली नाही म्हणून मारुतीराव स्वतः शोधायला निघाले होते. त्यांनी गाडी बघितली, ढीग बघितला, जेवणारे बैल बघितले आणि पोट धरून हसले.

"विने, तू माझ्या जीपमध्ये बस. भाऊजी, किल्ली द्या आत्ताच. वेल्डरला सांगूनच ठेवलंय मी, उद्या छप्पर कापू. अहो, असला डबा भंगारवाला तरी घेईल का? आमच्या वडिलांनी काय बघून ह्या डब्यात बसवून दिली आमची पोरगी, देव जाणे!"

हरिभाऊंनी मान खाली घातली. खिशातली किल्ली त्यांनी मुठीत धरली. आता काय उरलं होतं?

गाडीचं दार उघडलं. विनोदिनीबाई उतरल्या. याच गाडीतून त्या नवरी होऊन निपाणीहून निघाल्या होत्या. तवंदीच्या घाटात त्यांना उलटी झाली होती आणि सासऱ्यांनी "इंजिन तापलंय" असं सगळ्यांना खोटंच सांगून गाडी झाडाखाली थांबवली होती. नवी सून तोंड धुऊन, डोळे पुसून येईपर्यंत इंजिन तापलेलंच राहिलं. त्यांनी ते आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही. विनोदिनीबाईंनीही नाही. गाडीला नावं ठेवायची तर त्या ठेवतील, जन्मभर ठेवतील. पण दुसऱ्यानं?

"दादा," त्या म्हणाल्या, "डबा कुणाला म्हणतोस? तुझी जीप आण इथं हुलग्यावर, बघू हलते का! तुम्ही काय बघत उभे राहिलात? बसा आत!" हे शेवटचं नवऱ्याला. त्यांनी शालूचा पदर कमरेला खोचला आणि गाडीच्या मागं गेल्या.

"अगं, अट..."

"बसा म्हणते ना!"

शेवंताबाईला काय वाटलं कुणास ठाऊक. ती बैलांची दावी सोडून त्यांना बाजूला घेऊन गेली, मग चाकांपुढचा हुलगा तिनं पायानं सारला आणि खाली पोती आंथरली. "आता रेटा आक्का!"

विनोदिनीबाईंनी रेटा दिला. चाकांनी फर्रकन दाणे उडवले, ते सगळे त्यांच्या शालूवर, आंबाड्यात, कानात गेले. काड्काड् करून बोल्ट तुटले. हनुवटी ढिगातच राहिली आणि गाडी ढीग ओलांडून पलीकडं टुणकन उतरली.

विनोदिनीबाई येऊन बसल्या. हरिभाऊंनी गाडी हाकली. जाताना त्यांनी आरशात बघितलं. सत्याप्पा आणि शेवंताबाई भरमाच्या त्या सुपाची दोन टोकं धरून ढीग मधोमध वाटत होते. "भावजी, तुमच्या बाजूनं जरा दाबा की!" एवढे शब्द वाऱ्यावर आले. दोघं एकमेकांशी बोलत होते! वकिलांनी मनातल्या मनात फाईल बंद केली. हातातली केस गेली.

साखरपुडा वेळेत झाला. विनोदिनीबाई बेबीची ओटी भरायला वाकल्या तेव्हा आंबाड्यातून अक्षतांबरोबर हुलगाही पडला. मुलाकडच्या म्हाताऱ्या बायकांनी ही बेळगावची रीत असावी म्हणून हात जोडले.

जेवणं झाल्यावर हरिभाऊ अंगणात मेहुण्यांसमोर उभे राहिले. "अट म्हणजे अट," असं म्हणून त्यांनी किल्ली पुढं केली. मारुतीरावांनी हात पसरला.

मधेच विनोदिनीबाईंनी किल्ली उचलली.

"अट काय होती?"

"कुणी ढकलली तर द्यायची."

"मग कुणी ढकलली?"

"तू ढकललीस की!"

"मी काय कुणी आहे होय?" विनोदिनीबाईंनी किल्ली कमरेला खोचली. "मी घरची."

हरिभाऊंनी खिशातून पिवळं फडकं काढलं आणि गाडीच्या काचेवरचा हुलग्याचा पाला पुसायला घेतला. थोड्या वेळानं विनोदिनीबाईंनी फडक्याचं दुसरं टोक धरलं.