चालकासह बस आणि इनोबत ओपांचा निरोप

एकटा माणूस घराबाहेर पडला तर कुठेतरी पोहोचतो. चाळीस माणसं एकत्र बाहेर पडायची म्हटली, तर आधी समिती नेमावी लागते. जिझ्झाखमधल्या आमच्या बियाणे तपासणी कचेरीने हा नियम आजवर मोडलेला नाही.

निमित्त होतं इनोबत ओपांच्या निवृत्तीचं. कचेरीत वयाने सगळ्यांत थोरल्या त्याच, म्हणून संचालकांपासून सगळे त्यांना ओपा, म्हणजे ताई, म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी भिंगाखाली गव्हाचे दाणे मोजले होते. त्यांना निरोप द्यायचा तो झोमीनच्या डोंगरात, देवदारांच्या सावलीत, असं संचालक मीरसैद अकांनी ठरवलं; थोरल्या पुरुषाला आमच्याकडे अका म्हणतात. (ओपांना कोणी विचारलं नव्हतं. सत्कारमूर्तीला विचारून सत्कार करण्याची पद्धत आमच्याकडे नाही.)

सहल समितीचा चिटणीस मी. बस भाड्याने घेण्याचा करारनामा मीच वाचला, आणि असा सर्वांगसुंदर दस्तऐवज मी क्वचितच पाहिला आहे. त्यात लिहिलं होतं की बस 'चालकासह' मिळेल; म्हणजे चाकं, पडदे, आणीबाणीची हातोडी आणि चालक, या क्रमाने. पुढे एक कलम होतं: चालक प्रवाशांच्या सूचनांचे पालन करील. एकेचाळीस प्रवाशांच्या, असा त्याचा अर्थ होतो हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

बसण्याची व्यवस्था हुद्द्याप्रमाणे केली होती. पहिल्या आसनांवर संचालक आणि उपसंचालक. त्यांच्या मागे दोन आसनं केकला, कारण केक हलता कामा नये. मग कापडी फलक, समोवार, विभागप्रमुख, लेखनिक. ओपा शेवटून दुसऱ्या रांगेत, चाकाच्या बरोबर वर. फलकावर मोठ्या अक्षरांत 'आमच्या लाडक्या इनोबत ओपा' असं लिहिलेलं असल्यामुळे त्या पुढे होत्याच, असं समितीचं मत पडलं.

सकाळी आठला निघालो. पहिल्या तासात चालकाला त्रेसष्ट सूचना मिळाल्या. मी त्यांची नोंद ठेवली आहे. गार हवा वाढवा, अकरा. गार हवा बंद करा, दहा. गाण्यांविषयी चौदा. रस्त्याविषयी बावीस (पैकी एकवीस जणांना गाडी चालवता येत नाही). थांबा, तीन. इतरांच्या सूचनांकडे लक्ष देऊ नका, दोन. राहिलेली एक शेवटून दुसऱ्या रांगेतून आली होती, "अहो, त्यांना कोणी चहा तरी दिलाय का?" ती मी 'संकीर्ण'मध्ये टाकली. गाण्यांच्या चौदांपैकी चार माझ्या होत्या, हेही नमूद करतो.

चालक पन्नाशीचा, काटक, टोपीवाला. प्रत्येक सूचनेला तो "होय" म्हणे आणि बस पूर्वीसारखीच चालवी. म्हणूनच आम्ही जिवंत होतो.

साडेदहाला फाटा आला. डावीकडचा रस्ता धरणावरून, उजवीकडचा गावांमधून. चालकाने बस कडेला घेऊन विचारलं, "अका, कुठून नेऊ?"

"थांबा," मीरसैद अका म्हणाले, "समिती बसू दे."

समिती बसलेलीच होती, पण ती रीतसर बसली. डाव्या रस्त्याला वीस मतं पडली आणि उजव्यालाही वीस. ओपा खाली उतरल्या होत्या, त्यामुळे त्यांचं मत धरलं नाही. फेरमतदान झालं. पुन्हा वीस-वीस. उपसंचालकांनी दोन्ही रस्त्यांच्या इतिहासावर थोडक्यात पंचवीस मिनिटं माहिती दिली.

मी पाय मोकळे करायला उतरलो. बसच्या सावलीत ओपा थर्मासमधून चहा ओतत होत्या आणि चालक वाटी हातात धरून फोनकडे बघत होता.

"नाव काय रे तुझं?"

"नोरकुल."

"सकाळपासून तो फोन सतरा वेळा बघितलास. घरी कोणी आजारी आहे का?"

"नाही, ओपा. सगळं चांगलंच आहे." तो घुटमळला. "मुलीचं लग्न आहे."

"अरे वा! कधी?"

"आज."

ओपांच्या हातातला थर्मास तसाच राहिला. "आज? आणि तू इथे काय करतोयस?"

"बस चालकासह ठरली होती ना," नोरकुल म्हणाला. "बदली माणूस बघितला, मिळाला नाही. मालक म्हणाला, दुसऱ्याच्या हातात बस देणार नाही. बायको म्हणाली, जा, धाकटा दीर सांभाळून घेईल. तीन वाजता मुलाकडचे तिला घेऊन जातील. एवढंच की निघताना आशीर्वाद बापाने द्यायचा असतो."

"गाव कुठलं?"

त्याने उजवीकडच्या रस्त्याकडे बोट केलं. "तोलीसोय. इथून पाऊण तास. मुख्य रस्ता सोडून आत."

"आमच्या साहेबांना सांगितलंस?"

"बोलायला जागा कुठे मिळाली, ओपा? सारखं होय म्हणत होतो."

हे मीही ऐकत होतो. माझ्या हातात वही होती. कोणत्या सदरात लिहावं ते मला सुचेना, म्हणून मी काहीच लिहिलं नाही.

इतक्यात समितीचा ठराव एकमताने मंजूर झाला: 'चालकाने परिस्थिती पाहून योग्य तो निर्णय घ्यावा व त्याच्या परिणामांस तोच जबाबदार राहील.' आमच्या सगळ्या ठरावांचा उत्तरार्ध असाच असतो.

मी तो वाचून दाखवला. नोरकुल स्टिअरिंगवर बसला आणि मुकाट्याने डावीकडचा दिवा लावला. झोमीनला धरणावरूनच लवकर पोहोचता येतं, आणि माणूस प्रामाणिक होता.

ओपा मागे गेल्या नाहीत. त्यांनी केक उचलून उपसंचालकांच्या मांडीवर ठेवला आणि त्या आसनावर बसल्या.

"नोरकुल, ठराव ऐकलास ना? निर्णय तुझा आहे."

"ओपा, तुमचा सत्कार..."

"माझा सत्कार उद्या केला तरी मी तितकीच म्हातारी असेन. वळव."

उजवीकडचा दिवा लागला.

मुख्य रस्ता सुटला तेव्हा मीरसैद अका भाषण पाठ करत होते. जर्दाळूच्या फांद्या खिडकीवर आपटायला लागल्या तेव्हा त्यांनी वर पाहिलं. कर्णे ऐकू आले तेव्हा ते उभे राहिले. "हे झोमीन नाही," त्यांनी अचूक ओळखलं.

"तोलीसोय आहे," ओपा म्हणाल्या. "चालकाच्या मुलीचं लग्न आहे. कपडे नीट करा."

आता झालं असं की मुलाकडून चार गाड्या भरून माणसं आली होती, नव्वद तरी असतील, आणि मुलीचा बापच हजर नसल्यामुळे त्यांच्यात कुजबुज चालू होती. त्या कुजबुजीत भली मोठी बस येऊन उभी राहिली. तिच्यातून कोट-टाय घातलेली चाळीस सरकारी माणसं उतरली, एकाच्या हातात केक. बाप उशिरा का आला ते कोणी विचारलं नाही. तो सरकारला आणायला गेला होता, हे स्वच्छ दिसत होतं.

ताटांतून ओश आला, म्हणजे आमचा पुलाव, गाजर आणि मटणासकट. प्रत्येकाने तीनदा नको म्हटलं आणि चारदा घेतला. अंगणातल्या मोठ्या बैठकीवर, दाराच्या अगदी समोरची मानाची जागा गावाने वय बघून दिली. तिथे ओपा बसल्या. आमची हुद्द्यांची यादी माझ्या खिशात होती, पण ती कोणी मागितली नाही. विभागप्रमुखांना मुलांच्या ताटावर जागा मिळाली.

मग मुलीकडच्या थोर पाहुण्याने दोन शब्द बोलावेत, असा आग्रह झाला. मीरसैद अकांजवळ एकच भाषण होतं. त्यांनी तेच केलं. "आज ती आपल्याला सोडून चालली आहे," ते म्हणाले, आणि बायका मुसमुसू लागल्या. "तिची जागा रिकामीच राहील." नोरकुलची बायको हमसून रडली. "छत्तीस वर्षं तिने एकही रजा न घेता..." इथे मुलाकडचे जरा दचकले, पण तोवर डफ सुरू झाला होता.

तीन वाजता मुलगी निघाली. तोजीनिसो नाव तिचं. नोरकुलने दोन्ही हात वर केले. त्याचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. सकाळपासून तो फक्त "होय" म्हणत आला होता. आता तेवढंही जमेना. मुलगी म्हणाली, "बाबा, पोहोचला आशीर्वाद," आणि वाकली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी दुसरीकडे बघितलं. उपसंचालकही दुसरीकडे बघत होते, त्यामुळे आमची नजरानजर झाली.

परतीच्या वाटेवर एकही सूचना आली नाही. निम्मे झोपले होते.

सोमवारी नेहमीप्रमाणे अभिप्राय मागवले. जेवण: उत्कृष्ट, एकेचाळीस. निसर्ग: समाधानकारक, चाळीस. चालकाने परस्पर मार्ग बदलल्याबद्दल तक्रार करावी काय: होय, अडतीस. मीरसैद अकांनी तक्रारीवर सही केली आणि पुढच्या करारासाठी कलम सुचवलं: चालकास वाटेवर नातेवाईक नसावेत. मी तक्रार नोंदवून घेतली. मग ती टपालात टाकायची माझ्याकडून राहून गेली. अजून राहतेच आहे.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. सरकारी माणसांना हसण्यासारखं सुख नाही. तुमचीही एखादी सहल झालीच असेल. बस केलीत, चांगलं हॉटेल गाठलंत, माणसं मोजून टेबलं जोडून घेतलीत. आता आठवून सांगा, किती जण धरले होते? बसमधून उतरलेले तेवढेच, की बस लावून मागून येणारा एक जास्त?