एकेचाळीस जातींचा दाखला

जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्याच्या वसाहतीमागे, नाल्यापलीकडे, सव्वादोन एकर जमीन काहीही काम न करता पडून होती. सरकारी जमिनीने असं पडून राहणं शिस्तीत बसत नसल्यामुळे वसाहत समितीने तिथे मोटारी उभ्या करायची जागा करण्याचं ठरवलं. समितीतल्या निम्म्या लोकांकडे मोटार नव्हती. पण जागा झाली की मोटार आपोआप येते, असा त्यांचा अनुभव होता.

हरकत एकच आली, भांडार तपासणी विभागातल्या रत्नाकर गजभियेची. हा माणूस बावीस वर्षं कारखान्याचा माल तपासत होता आणि न मोजता त्याने एकदाही सही केली नव्हती. कामावर जाण्याआधी रोज अर्धा तास तो त्या रानात उभा राही. रुई, एरंडी, बेल, रानटी कढीपत्ता आणि गुडघाभर गवत यापलीकडे तिथे काही नव्हतं. पण अकरा वर्षांत, सगळे ऋतू धरून, त्याने तिथे त्रेचाळीस जातींची फुलपाखरं पाहिली होती. "दुसऱ्याईचे नवरे क्लबात जातात, माहा झुडपात जाते," असं त्याची बायको बेबी शेजारणींना सांगे, आणि ते खरं होतं.

हरकतीवर उत्तर आलं. सदर जागेत चाळीसपेक्षा अधिक जाती असल्याचं एकाच दिवसाच्या सामूहिक पाहणीत सिद्ध झाल्यास मोटारींचा विचार स्थगित करण्यात येईल. न झाल्यास सोमवारी बुलडोझर.

सप्टेंबरातल्या एका रविवारी पाहणी ठरली. सतरा कर्मचाऱ्यांनी स्वेच्छेने हजर राहावं, गैरहजर राहणाऱ्याने लेखी कारण द्यावं, असा आदेश निघाला. समितीचे अध्यक्ष विनय तिवारी साहेब टोपी घालून आले. पोहे आले, खोव्याची जलेबी आली, आणि फुलपाखरांना सूचना देता याव्यात म्हणून भोंगाही आला.

पडताळणीचा नियम मात्र कारखान्याचाच लावला गेला, कारण दुसरा नियम कुणाला ठाऊक नव्हता. माल एकाने पाहायचा, दुसऱ्याने स्वतंत्रपणे खात्री करायची, मग दोघांनी सह्या करायच्या. दुसरा म्हणून मुरलीधर रामटेके नेमला गेला. भांडारात त्याची तीस वर्षं गेली होती आणि त्याच्याकडे लांबचा व जवळचा असे दोन चष्मे होते. पाहणाऱ्याने बोट दाखवायचं नाही, कारण बोट दाखवणं म्हणजे साक्षीदारावर दबाव आणणं. रत्नाकरने नुसतं "दिसलं" म्हणायचं. मग मुरलीधरने चष्मा बदलायचा, आणि तोवर फुलपाखराने थांबायचं.

फुलपाखरांना नियम कळवलेला नव्हता. रुईवरचं केशरी फुलपाखरू पहिल्याच चष्म्याला उडालं. एरंडीवरचं तपकिरी सापडलं, पण त्याचा एक पंख फाटका होता. मुरलीधरने ते सदोष माल म्हणून नामंजूर केलं. अळ्या दिसल्या. त्या अर्धवट तयार मालात मोडत असल्यामुळे तयार मालात धरता येईनात. बेलाच्या फांदीला एक कोश लटकत होता. तो सीलबंद होता, आणि सील तोडायला मुख्य कार्यालयाची परवानगी लागते. शेवटी एक फुलपाखरू असं मिळालं की जे दोन्ही चष्मे होईपर्यंत हललं नाही. मुरलीधरने समाधानाने सही केली. ते सुकलेलं पान होतं. त्याच्याच शेजारी, पंख मिटले की हुबेहूब पानासारखं दिसणारं एक खरं फुलपाखरू बसलं होतं. ते पान असल्याच्या कारणावरून नाकारण्यात आलं.

साडेबारा वाजता हिशेब असा होता: रत्नाकरला दिसलेल्या जाती एकोणतीस, पडताळणी झालेल्या तीन, पैकी एक पान. ऊन चढलं होतं. जलेबी संपली होती. सतराजण स्वेच्छेला कंटाळले होते.

विनय साहेबांनी रत्नाकरला बाजूला घेतलं. ते माणूस म्हणून चांगले होते, म्हणून हळू बोलले. "गजभिये जी, इकतालीस लिख दीजिए. दुसऱ्या कुणी लिहिलं तर वरचे मोजायला माणूस पाठवतील. तुम्ही लिहिलं तर कोई नहीं आएगा."

बावीस वर्षांच्या सचोटीचा असाही उपयोग असतो, हे रत्नाकरला त्या दिवशी प्रथम कळलं. त्याने मुरलीधरकडे पाहिलं.

"काहून विचार करून राहिला बापा?" मुरलीधर म्हणाला. "माल त आहे न. नुसता दाखल व्हायचा बाकी आहे."

रत्नाकरने रानावर एकदा नजर फिरवली आणि सही केली. खाली मुरलीधरची सही झाली.

मोटारी टळल्या. पण एकेचाळीस जातींचा दाखला जसजसा वर गेला, तसतसा वरच्यांना आनंद होत गेला, आणि वरच्यांना आनंद झाला की खाली काम निघतं. एवढी मौल्यवान जागा अशी अस्ताव्यस्त ठेवणं अशोभनीय असल्याचं ठरून तिथे फुलपाखरू उद्यान मंजूर झालं. प्रथम स्वच्छता. रुई, एरंडी, बेल, रानटी कढीपत्ता, सगळं निघालं. हिरवळ आणि फरशा आल्या. पाहुण्यांना डास चावू नयेत म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी धूरफवारणी झाली. दाखल्याप्रमाणे एकेचाळीस सिमेंटची फुलपाखरं उभी राहिली, पंखातल्या भोकात तोंड घालून फोटो काढता येईल अशी. रत्नाकर विरोध करायला गेला, तेव्हा त्याला त्याचीच सही दाखवण्यात आली.

पुढच्या सप्टेंबरात पुन्हा पाहणी झाली. एकेचाळीसपैकी एकेचाळीस, सतरा मिनिटांत, सर्व पंख शाबूत. मुरलीधरला चष्मा बदलावा लागला नाही. अभिप्रायाच्या वहीत वसाहतीतल्या घराघरातून लिहून आलं की निसर्गाच्या सान्निध्यात मन प्रसन्न झालं.

त्याच महिन्यात त्याच घरांतून तक्रारीही आल्या. रान गेल्यावर उरलीसुरली फुलपाखरं नाला ओलांडून गॅलऱ्यांमधल्या कुंड्यांवर अंडी घालू लागली होती, आणि कढीपत्त्यावर अळ्या पडल्या होत्या. समितीने फवारा मागवला आणि अळ्यांची खात्री करून फवारणीला सही द्यायला जाणकार म्हणून रत्नाकरला नेमलं.

तो घरोघर गेला. ही अळी म्हणजेच ते फुलपाखरू, तीन आठवडे राहू द्या, उडून जाईल, असं सांगत फिरला. कुणी नाकारलं नाही.

"ते त ठीक आहे, भैया," लोक म्हणाले, "पण आमच्या घरी काहून?"

घरी आला तर बेबी स्वतःच्या कुंडीसमोर फवारा घेऊन उभी होती. त्याने तो हातातून काढून घेतला.

"साऱ्याईच्या कुंड्यांवर मारायची सही तुम्हीच देणार न," ती म्हणाली. "मंग आपल्या चार पानांचं काय एवढं?"

त्याने वहीत दोन रकाने पाडले, अळी ठेवणारे आणि अळी मारणारे, आणि पुन्हा बाहेर पडला. सही सोमवारपर्यंत द्यायची होती. एकशे आठ घरं झाली. पहिल्या रकान्यात एकही नाव नाही.

हे वाचून तुम्हाला त्या लोकांचा राग आला असेल, तर रकाना अजून मोकळा आहे. कुंडी तुमची, मुदत तीन आठवडे, नुकसान चार पानांचं. फक्त परवा कढीपत्ता कुरतडलेला दिसला तेव्हा तुम्ही काय केलंत, ते नाव लिहिण्याआधी सांगावं लागेल.