मागचा फोन येतोय

शिरूरला एसटी स्टँडसमोर माझं मोबाइलचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला ‘फोन घेऊ नका’ असं सांगणारा एक माणूस रोज सकाळी दहाला त्या दुकानात येऊन बसतो. त्याला मी पगार देत नाही. चहा देतो, तोही दोनदा.

हे दत्तूमामा एसटीत कंट्रोलर होते. ‘ही सोडा, मागची मोकळी येतीय,’ असं प्रवाशांना सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर गाड्या सुटल्या, सवय सुटली नाही. बाजारात न आलेल्या फोनचे फोटो कुठून कुठून फुटतात, त्यावर लोक व्हिडिओ करतात. मामा ते सगळे व्हिडिओ सकाळीच बघून येतात.

एकदा सणसवाडीच्या कंपनीतला एक जण आला. तासभर घासाघीस करून मी त्याला जाग्यावर आणला. त्याचा हात खिशाकडे गेला आणि कोपऱ्यातून आवाज आला, “सोडा ह्यो. मागचा येतोय.”

“कवा?”

“दीड महिना. बॅटरी मोठी हाय त्यात.”

गिऱ्हाईक नमस्कार करून गेलं. नमस्कार मामांना केला, मला नाही.

मी भडकलो. “मामा, तुम्हाला हितं कुणी ड्युटी लावलीय?”

“आरं संतोष, चुकीच्या गाडीत बसवलं तर माणूस जन्मभर शिव्या देतो.”

मी कंपनीच्या गेटवर हातगाडीवर कव्हरं विकून वर आलोय. माझा फोन आला की पुण्याचा डिस्ट्रिब्युटर आधी पाणी पितो. पण या फुटलेल्या फोटोंपुढे माझं काही चालत नाही. फोटो फुटला की जुनं मॉडेल कपाटात बसल्या बसल्या शिळं होतं. फोन बनवणाऱ्या कंपनीचं काही बिघडत नाही. डिस्ट्रिब्युटर जुना माल आमच्या गळ्यात घालून मोकळा होतो. मी श्रावणात वीस नग उचलले होते. त्यातले निम्मे केवळ मामांच्या कृपेने माझ्याकडे राहिले. या माणसाला उद्यापासून चहा बंद, असं मी दर आठवड्याला ठरवत होतो.

गणपती झाल्यावर एका फोनचा फोटो फुटला. अगदी कारखान्याच्या टेबलावर काढलेला, मागची पुढची बाजू स्वच्छ. आता आठ दिवस मामांचं तोंड बंद होत नाही, म्हणून मी कपाळाला हात लावला.

त्याच दिवशी दौंडहून एक शिक्षिका आल्या. माझ्याकडे अडकलेलंच मॉडेल त्यांनी हातात घेतलं. “ह्याच्यापुढचं येतंय म्हणे?”

मी मामांकडे डोळे वटारले. मामा म्हणाले, “न्हाई वो बाई. हाच घ्या. चांगला हाय.”

बाईंनी घेतला. दुपारी आणखी एक गेला, तोही मामांच्या शिफारशीवर. मला आनंद व्हायला हवा होता, पण आला संशय. इतकी वर्षं धंदा बुडवणारा माणूस एका दिवसात माझा सेल्समन कसा झाला?

“मामा, कमिशन पाहिजे का?”

मामा हळूच म्हणाले, “त्यो फोटो कुणाला दावू नको. वैशाली तिथं हाय.”

वैशाली त्यांची मुलगी. डिप्लोमा करून तमिळनाडूत कुठल्यातरी कंपनीत लागली होती. दौंडहून मामांनीच तिला गाडीत बसवून दिलं होतं. मामांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, घरात ते एकटेच. कंपनी फोनची आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

“आत काय बनतंय ते घरी सांगायचं न्हाई, असा नियम हाय. काय करतीस म्हटलं की पोरगी गप. मग मीच हुडकत बसतो. एखादा फोटो आला की वाटतं, ह्यो तिच्याच टेबलावरनं गेला आसंल. आता ह्यो फोटो तिथनंच फुटला, सकाळी तिचा फोन आलता. समद्या लाइनीला एकेक करून आत बोलावत्यात. काम बंद ठेवलंय. तिनं न्हाई रं काढला.”

“ती कशाला काढेल?”

“आपल्याला ठावं हाय. पण तिथं तिचं कोण ऐकणार?”

“मामा, तो फोटो जगभर गेलाय.”

“जाऊ दे. शिरूरपुरता तरी थांबवू.”

तेवढ्यात डिस्ट्रिब्युटरचा फोन आला. जुन्या मॉडेलचे आणखी पंधरा नग घ्या म्हणाला. त्या फोटोचं नुसतं नाव काढलं असतं, तरी मी त्याला भावात रडवला असता. समोर मामा बसले होते. “बघतो,” म्हणून फोन ठेवला.

चार दिवस मामांनी एकही व्हिडिओ बघितला नाही. पाचव्या दिवशी त्यांचा फोन वाजला. ते फूटपाथवर जाऊन बोलले आणि आत आले. “कुणीतरी दुसराच निघाला. शिफ्टला गेली ती.” मग त्यांनी त्या दिवसाचा तिसरा चहा मागितला. मी दिला.

दिवाळीच्या तोंडावर फोटो फुटलेला तो फोन बाजारात आला. पहिला डबा मामांनी उघडला. फोन चालू केला नाही, नुसता कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग किंमत विचारली. मी सवयीने चढवून सांगितली. मामांनी मुकाट्याने नोटा काढल्या.

माझं डोकंच फिरलं. “अहो, भाव तरी करा.”

“पोरीच्या हातनं गेलाय. त्यात घासाघीस कशी करू?”

असं कुठे धंद्यात चालतं का? शेवटी मीच मामांच्या बाजूने माझ्याशी भांडलो, दोनदा आवाज चढवला आणि डिस्ट्रिब्युटरकडून घेतला होता त्या भावावर स्वतःला आणून सोडला. मामा शांतपणे बघत होते. शिवाय स्क्रीनवर फुकट काच लावून द्यावी म्हणून मी फोन ओढला, तर त्यांनी माझा हात धरला.

“दुसरी काच नको चिकटवू. ही तिनं बसवलेली आसंल, हीच दिसू दे.”