तालमीची माणसं

गजानन मुळेला "चहा घेणार का?" असं विचारलं, की तो आधी विचारायचा, "कुठल्या एन्व्हायर्नमेंटला?" ऑफिसात बिनसाखरेचा, खोलीवर दोन चमचे साखरेचा आणि पाहुणा म्हणून गेला तर देतील तो, असा त्याचा हिशेब होता. उत्तर येईपर्यंत चहा गार व्हायचा.

२००६च्या सुमारास आम्ही दोघं हिंजवडीजवळच्या जांबे गावात एका खोलीत भाड्याने राहत होतो आणि तिथल्याच एका कंपनीत कामाला होतो. मुळेचं काम सर्व्हरच्या सेटिंगचं. साचा एकच; त्यात पत्ता, पासवर्ड यांच्या जागा मोकळ्या. चाचणीच्या सर्व्हरला त्या एका तऱ्हेने भरायच्या, तालमीच्या सर्व्हरला दुसऱ्या आणि गिऱ्हाइकाच्या खऱ्या सर्व्हरला तिसऱ्या; या प्रत्येक ठिकाणाला ऑफिसात एन्व्हायर्नमेंट म्हणायचे. तालमीचा पत्ता चुकून खऱ्यावर गेला, की बोंबाबोंब. मुळेच्या हातून असं कधी झालं नाही. पंचाईत एवढीच, की तो जगायचाही याच पद्धतीने.

नवा शर्ट तो आधी पिरंगुटच्या बाजारात घालून हिंडायचा, कारण तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. बटण टिकलं तर मग ऑफिसात. नवी भाजी केली तर पहिल्यांदा मला वाढायचा आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बसायचा. मला काही झालं नाही, की स्वतः जेवायचा. आमच्या घरमालकीण आक्का म्हणायच्या, "ह्यो शिकल्याला हाय, का शिकून बिघडल्याला?"

मग चिंचवडचं एक स्थळ आलं. मुळेला मुलगी फोटोतच आवडली होती. त्याआधीची तीन स्थळं हातची गेली होती, म्हणून यावेळी त्याने आक्कांच्या ओसरीवर रीतसर तालीम ठेवली. घरमालक दादा मुलीचे वडील झाले, आक्का मुलीची आई. "घरी कोण कोण असतं?" या प्रश्नाला मुळेने तात्पुरतं उत्तर भरलं होतं: आक्का, दादा आणि चंद्री म्हैस. खऱ्या दिवशी इथे खरी माणसं येतील, असं त्याने आम्हाला समजावलं. दादा भूमिकेत इतके शिरले, की पोरगं लई इचार करतंय म्हणून त्यांनी तालमीतच मुलगी द्यायला नकार दिला.

चिंचवडला मी मित्र म्हणून बरोबर गेलो. पोहे झाले आणि मुलीच्या वडिलांनी तोच प्रश्न विचारला. मुळे खणखणीत आवाजात म्हणाला, "आक्का, दादा आणि चंद्री."

मी त्याला पायाने डिवचलं, तर त्याने पाय बाजूला घेतला आणि पुढे सांगत राहिला. दादांचा गुडघा दुखतो, आक्का तोंडाने फटकळ आहेत पण कुणाला उपाशी झोपू देत नाहीत. मुलगी खाली बघून हसत होती. वडील मात्र हसले नाहीत. रविवारी घर बघायला येतो, म्हणाले.

परतताना बसमध्ये मी त्याला झापलं. तालमीची माणसं खऱ्यावर ढकललीस, बदलली का नाहीस?

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बदलायला दुसरी नव्हती."

आईवडील त्याच्या लहानपणीच गेले होते. तो वसतिगृहात वाढला. दिवाळीला गावी जातो म्हणून सांगायचा, तेव्हा त्या वसतिगृहातल्या म्हाताऱ्या आचाऱ्याकडे चार दिवस राहून यायचा. इतके दिवस एका खोलीत राहून मला याचा पत्ता नव्हता. फार वाईट वाटलं.

पाहुणे येणार म्हणून आक्कांना सगळं सांगणं भाग होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ओसरी सारवायला घेतली.

रविवारी मुलीचे वडील आले. बसल्या बसल्या त्यांनी आक्कांना विचारलं, "आपण मुलाच्या कोण?"

मुळे पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, पण आक्कांनी हातानेच त्याला गप्प केलं.

"जल्म म्या न्हाई दिला त्याला," त्या म्हणाल्या. "पन उद्या तुमच्या पोरीला त्यानं तरास दिला, तर जाब इचारायला हितंच यायचं. त्याला दुसरं घर न्हाई."

मुलीच्या वडिलांनी दादांकडे पाहिलं. दादांनी मान डोलावली. मग पाहुणे भिंतीला टेकून नीट मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बरं. मग बोलणी तुमच्याशीच करू."

मुळे दारातच ढसाढसा रडायला लागला, आणि पाहुण्यांना आधी पाणी दे म्हणून आक्का सगळ्यांदेखत त्याच्यावर खेकसल्या.